शिष्यवृत्तीसाठी दिलेली देणगी आणि आयकरातील सवलत : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ हे दोन शब्द वास्तविक एकाच अर्थाचे. परंतु गेल्या चार दशकांत मराठी माणसाच्या बोलण्यात त्यांचे अर्थ पार दुरावले आहेत. देणगी म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले द्रव्य. तर डोनेशन म्हणजे मुलाला प्रवेश मिळावा म्हणून पालकाने शुल्काव्यतिरिक्त निमूटपणे मोजलेली रक्कम. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा मिळाली. त्या निर्णयामुळे परराज्यांत जाणारे असंख्य विद्यार्थी घरच्या जवळ शिकू लागले. पण त्याचबरोबर प्रवेशासाठी वरकड पैसे घेण्याची प्रथाही बोकाळली. तिला आळा घालण्यासाठी राज्याला १९८७ साली कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला.

हा भेद आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आयकर कायदा करसवलत देतो ती पहिल्या अर्थाच्या देणगीला. आपल्याच पाल्याच्या प्रवेशाच्या बदल्यात दिलेल्या रकमेस देणगीची पावती मिळाली, तरी ती कायद्याच्या दृष्टीने देणगी ठरत नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी जो देतो, त्याला शासन आपल्या करातून किती साथ देते, त्या साथीच्या अटी कोणत्या आणि सातारा-सांगलीच्या परिसरात त्यांचा व्यवहारी अर्थ काय, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वजावट आणि टॅक्स क्रेडिट

देणगीदारास करात सवलत देण्याचे दोन मार्ग जगात प्रचलित आहेत. पहिला मार्ग वजावटीचा. यात देणगीची रक्कम अथवा तिचा काही भाग करपात्र उत्पन्नातून वजा केला जातो आणि उरलेल्या उत्पन्नावर कर आकारला जातो. दुसरा मार्ग टॅक्स क्रेडिटचा. यात देणगीची रक्कम उत्पन्नातून वजा न होता थेट भरावयाच्या करातून वजा होते. ऐकताना हा फरक किरकोळ वाटतो. परंतु देणगीचा खरा भार कोण उचलतो, हे त्यावरच ठरते.

दुसऱ्या मार्गाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे ॲरिझोना राज्याने १९९७ साली खाजगी शाळांतील शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या वैयक्तिक देणग्यांना टॅक्स क्रेडिट देऊ केले. २००१ साली पेनसिल्व्हेनिया व फ्लोरिडा या राज्यांनी ही सोय कंपन्यांना लागू केली. पेनसिल्व्हेनियाच्या मूळ योजनेत कंपनीला देणगीच्या ७५ टक्के, आणि दोन वर्षे देण्याचे वचन दिल्यास ९० टक्के रक्कम करातून परत मिळत असे. फ्लोरिडात तर पूर्ण शंभर टक्के रक्कम करातून वजा होते. म्हणजे कंपनीने शिष्यवृत्ती निधीस जेवढे दिले, तेवढाच तिचा राज्याला द्यावयाचा कर कमी झाला. तिच्या खिशाला तोशीस अशी काहीच पडली नाही. या योजनांतून शिष्यवृत्ती मिळालेली पुष्कळ मुले चर्चच्या शाळांत शिकतात.

साहजिकच तेथे वाद उपस्थित झाला. हा पैसा देणगीदाराचा की सरकारचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ॲरिझोनाच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने असा निर्णय दिला की, तिजोरीत न पोहोचलेला पैसा हा सरकारने खर्च केलेला पैसा मानता येत नाही. सबब करदात्यांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार पोहोचत नाही. अल्पमतातील न्यायमूर्तींच्या मते सरकारने रोख दिले काय आणि कर सोडला काय, परिणाम एकच. २०२५ साली तेथील संघराज्य सरकारनेही व्यक्तींसाठी दरसाल १,७०० डॉलरपर्यंतचे टॅक्स क्रेडिट मंजूर केले असून ते २०२७ पासून, सहभागी होणाऱ्या राज्यांच्या बाबतीत, लागू व्हावयाचे आहे.

भारताने पहिला मार्ग पत्करला आहे. शाळांच्या शिष्यवृत्तीसाठी कंपन्यांना टॅक्स क्रेडिट देणारी योजना आपल्याकडे नाही. आहे ती वजावट, आणि तीही बहुधा निम्म्याच रकमेची. म्हणून आपल्याकडील शिष्यवृत्तीच्या रुपयात सरकारचा वाटा लहान आणि देणाऱ्याचा वाटा फार मोठा असतो.

करसवलतीपूर्वीचे दान : रयतेची परंपरा

सातारा-सांगलीच्या मातीला ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी देण्याची येथील परंपरा करसवलतीच्या कायद्याहून जुनी आहे. देणगीदारास आयकरात सवलत देणारी तरतूद भारतात प्रथम १९४८ साली आली. १९६१ च्या आयकर कायद्यात तिला स्थान मिळाले आणि सर्वपरिचित ‘८०जी’ कलम १९६८ पासून अमलात आले. त्यापूर्वी पुष्कळ वर्षे, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली होती.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. सातारा आणि सांगली हे आजचे दोन्ही जिल्हे त्यांना आपले मानतात. तरुणपणी त्यांनी ओगलेवाडीच्या काच कारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांची विक्री करीत गावोगाव फिरस्ती केली. त्या फिरस्तीत त्यांनी शेतकऱ्याचे अज्ञान जवळून पाहिले आणि गावागावांत माणसेही जोडली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली व तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहाचा खर्च कसा चालला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुगीच्या दिवसांत गाडी घेऊन धान्य गोळा केले जाई. घरोघरच्या स्त्रिया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढीत. मुले शेतात राबून आपला वाटा उचलीत. यातूनच ‘कमवा व शिका’ ही योजना आकारास आली. टंचाईच्या प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले, ही हकीकत दोन्ही जिल्ह्यांत घराघरांत सांगितली जाते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या नावाने १९४० साली साताऱ्यात निःशुल्क निवासी हायस्कूल सुरू झाले; १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखले, तेव्हा भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले आणि लोकवर्गणीवर संस्था तगली. ९ मे १९५९ रोजी ते निवर्तले.

आता याकडे आयकराच्या दृष्टीने पाहावे. मूठभर धान्य देणाऱ्या त्या माउलीस करसवलत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि आजही नाही. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे, तेव्हा ज्यावर करच नाही त्यातून सवलत कसली मिळणार? शिवाय ८०जी कलमाखाली केवळ पैशाच्या रूपातील देणगीच ग्राह्य धरली जाते; धान्य, वह्या, गणवेश अथवा संगणक दिल्यास वजावट मिळत नाही. तात्पर्य, ज्या दानावर या भागातील शिक्षणाची इमारत उभी राहिली, त्याला करकायद्याने कधीच उत्तेजन दिलेले नव्हते. लोकांनी दिले ते पैशाचे काय होते हे डोळ्यांनी दिसत होते म्हणून.

देणगीदारास प्रत्यक्षात किती सवलत मिळते?

प्राप्तिकर खात्याची मान्यता असलेल्या सर्वसाधारण धर्मादाय न्यासास अथवा संस्थेस देणगी दिल्यास ८०जी कलमाखाली देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते. त्यावरही मर्यादा आहे. कायद्याने ठरविलेल्या रीतीने काढलेल्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशेबात धरली जाते. एखाद्या पेढीचे असे उत्पन्न ५० लाख रुपये असेल आणि तिने ६ लाख रुपये दिले, तर ५ लाखच ग्राह्य धरून त्यांच्या निम्मे, म्हणजे अडीच लाख, वजा होतील. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून वजावट मिळत नाही. ती धनादेशाने वा बँकेमार्फतच द्यावी लागते.

पुढील उदाहरणांत अधिभार व उपकर सोयीसाठी बाजूला ठेवले आहेत. प्रत्येकाने १ लाख रुपये दिले असे समजू.

• भागीदारी पेढी : कराचा दर ३० टक्के. वजावट ५०,००० रुपये. वाचलेला कर १५,००० रुपये. पेढीचा स्वतःचा भार ८५,००० रुपये.

• ४०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेली व जुन्या पद्धतीने कर भरणारी कंपनी : दर २५ टक्के. वाचलेला कर १२,५०० रुपये. स्वतःचा भार ८७,५०० रुपये.

• २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेली कंपनी : वजावट नाही. पूर्ण १ लाखाचा भार तिचा स्वतःचा.

• नव्या करप्रणालीतील नोकरदार व्यक्ती : वजावट नाही. येथेही पूर्ण भार स्वतःचा.

शेवटच्या दोन ओळींकडे शाळांच्या विश्वस्तांनी विशेष लक्ष द्यावे. २०१९ साली देशी कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय देण्यात आला; तो निवडल्यास ८०जीसह बहुतेक वजावटी सोडून द्याव्या लागतात. सहकारी संस्थांसाठीही पुढील वर्षी अशाच स्वरूपाचा पर्याय आला. व्यक्तींसाठीची नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी ठरली. जुनी हवी असल्यास तसे मुद्दाम कळवावे लागते. परिणामी, ‘आमच्याकडे ८०जीची पावती मिळते’ हे वाक्य पूर्वी जेवढे देणगीदार जोडीत असे, तेवढे आता जोडीत नाही.

भागीदारी पेढ्यांना मात्र असा सवलतीचा दुसरा दर नाही. त्यामुळे त्यांची वजावट शाबूत आहे. सांगलीच्या बाजारपेठेतील हळद, गूळ व बेदाण्याचा व्यापार, तसेच साताऱ्यातील व कराडातील अनेक दुकाने व अडत यांचे व्यवहार पुष्कळदा भागीदारीतच चालतात. शिष्यवृत्तीसाठी मोठ्या कारखान्यांचे उंबरे झिजविणाऱ्या संस्थांनी या पेढ्यांकडेही वळावे, असे यावरून सुचवावेसे वाटते.

१९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यात आला असून देणगीच्या वजावटीचे तत्त्व त्यातही कायम आहे. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक त्या त्या वर्षाप्रमाणे आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत. प्रस्तुत लेखात वाचकांच्या परिचयाचे जुने क्रमांक दिले आहेत.

कंपन्यांची सामाजिक जबाबदारी

कंपन्यांकडून शिष्यवृत्तीसाठी पैसा येण्याचा दुसरा मार्ग २०१३ च्या कंपनी कायद्याने खुला केला. या कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च केली पाहिजे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ज्या कार्यांची यादी आहे, तीत शिक्षणाचा स्पष्ट समावेश आहे. आणि कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

येथे करसवलतीचे गणित उलटे आहे. २०१४ च्या वित्त कायद्याने असा खुलासा केला की, हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येणार नाही. यापैकी जी रक्कम मान्यताप्राप्त न्यासास देणगीरूपाने दिली, तिच्यावर ८०जीची वजावट मिळू शकते असे आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या काही पीठांनी मानले आहे. परंतु सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीस तीही नाही. म्हणजे हा पैसा कराच्या लोभाने येत नाही. कायद्याच्या सक्तीने येतो. कंपनीला तो कोठे तरी खर्च करावयाचाच असतो, आणि नीट हिशेब देणारी, वर्षअखेरीस अहवाल हाती ठेवणारी संस्था तिला हवी असते.

असा निधी स्वीकारू इच्छिणाऱ्या न्यासाने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ हा नमुना भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय हा निधी घेता येत नाही. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती यात बसत नाही. मिरज-कुपवाड, सातारा किंवा किर्लोस्करवाडी परिसरातील शाळांना ही गोष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शिष्यवृत्तीची गरज नेमकी कोठे आहे?

कोणी म्हणेल, शिक्षणहक्क कायदा असताना खाजगी शाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती हवी कशाला? २००९ च्या या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करावयाची आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. शासकीय अथवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेस या जबाबदारीतून मुक्त करणारी दुरुस्ती राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द ठरविली.

तरीही तीन फटी उरतात.

पहिली फट वयाची. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. पहिलीत २५ टक्क्यांतून आलेली मुलगी नववीत जाते, त्या जूनमध्ये तिच्या पालकांच्या हाती प्रथमच पूर्ण शुल्काची मागणी पडते. आठ वर्षे ज्या शाळेत काढली, ती दहावीच्या तोंडावर सोडावी लागणे हा मुलांच्या मनावर मोठाच आघात असतो.

दुसरी फट अल्पसंख्याक शाळांची. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना, आणि ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात सर्वच अल्पसंख्याक शाळांना, या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. ख्रिस्ती धर्मसंघांनी व धर्मप्रांतांनी चालविलेल्या शाळा यात येतात. घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेले हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशा विनाअनुदानित शाळेच्या दाराशी गरीब मूल उभे राहते, तेव्हा त्याच्यासाठी २५ टक्क्यांची राखीव जागा नसते आणि शासनाची प्रतिपूर्तीही नसते. शाळेने स्वतः शुल्क माफ करावे अथवा कोणा देणगीदाराने ते भरावे, एवढेच दोन मार्ग उरतात. ज्या शाळेला कायद्याने बांधलेले नाही, तिच्यावर नैतिक ऋण अधिक असते.

तिसरी फट शासकीय शिष्यवृत्त्यांची. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी बंद करण्यात आली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंतांसाठी असलेली वार्षिक १२,००० रुपयांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती नववी ते बारावीसाठी आहे. पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांपुरती मर्यादित आहे. विनाअनुदानित शाळेतील गरीब मुलास तिचा लाभ नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी व कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांतील एका कोरड्या हंगामाचा परिणाम मुलांच्या शुल्कावर होतो, हे तेथील मुख्याध्यापकांना नव्याने सांगावयास नको. त्याच पट्ट्यातील, विशेषतः विटा, खानापूर व आटपाडी परिसरातील, सोने-चांदी गलाईचा व्यवसाय करणारी मंडळी देशभर पसरलेली आहेत. दूर राहूनही गावाची ओढ न सुटलेला असा वर्ग शिष्यवृत्ती निधीचा मोठा आधार होऊ शकतो.

निधी उभारताना पाळावयाचे नियम

१. नोंदणी व मान्यता : न्यासाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि प्राप्तिकर खात्याकडे स्वतंत्र मान्यता असावी लागते. २०२१ पासून ८०जीची मान्यता कायमची राहिली नसून नियमित मान्यतेची मुदत ५ वर्षे असते. नूतनीकरणाची तारीख चुकली तर नुकसान न्यासापेक्षा देणगीदाराचे अधिक होते. त्याने विश्वासाने घेतलेली पावती निरुपयोगी ठरते.

२. देणग्यांचे विवरण : २०२१-२२ या वर्षापासून न्यासाने देणगीदारांची यादी ‘१०बीडी’ या नमुन्यात दरवर्षी ३१ मेपर्यंत दाखल करून प्रत्येकास ‘१०बीई’ प्रमाणपत्र द्यावयाचे असते. विलंब झाल्यास दरदिवशी २०० रुपये शुल्क पडते. शाळेच्या पावतीपुस्तकातील पावती एकटी आता पुरेशी नाही.

३. लाभ सर्वांसाठी : एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या अथवा जातीच्याच लाभासाठी असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर ८०जीची वजावट मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, तसेच स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र या अटीची बाधा येत नाही. म्हणून निधीची नियमावली लिहिताना ‘आमच्या समाजातील विद्यार्थी’ असे शब्द न घालता गरज हा निकष ठेवावा. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसत होती. कायद्याची अट त्या पंगतीहून निराळे काही मागत नाही.

४. गुप्तदान : दान गुप्त असावे, अशी आपली शिकवण आहे. परंतु २००६ साली आलेल्या तरतुदीनुसार, शैक्षणिक व धर्मादाय न्यासास मिळालेल्या निनावी देणग्यांवर, एकूण देणग्यांच्या ५ टक्के अथवा १ लाख रुपये यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम सोडून, ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासास ही तरतूद लागू नाही. पण त्याच चर्चच्या पेटीवर ‘शाळेसाठी’ अशी चिठ्ठी लावली की निराळा नियम लागू होऊ शकतो. दात्याचे नाव फलकावर न लावता वहीत मात्र नोंदवावे. त्यामुळे दान गुप्तही राहते आणि कायद्याचेही पालन होते.

५. आप्तस्वकीयांना लाभ नको : विश्वस्त, त्यांचे नातेवाईक अथवा मोठे देणगीदार यांना न्यासाच्या पैशाचा लाभ दिल्यास न्यासाची स्वतःची करमुक्ती धोक्यात येते. ज्याने दिले त्याच्याच मुलाला शिष्यवृत्ती, हा व्यवहार फिरून ‘डोनेशन’च्याच गावी पोहोचतो.

६. परदेशी देणगी : परदेशी स्रोताकडून येणाऱ्या देणगीसाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी अथवा पूर्वपरवानगी आवश्यक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही.

७. विद्यार्थ्याची बाजू : शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या हाती करमुक्त असते. गरीब पालकांच्या मनातील ही भीती शाळेने दूर करावी.

एक जुना प्रश्न

अमेरिकेतील वादाचा गाभा आपल्यालाही लागू पडतो. करसवलतीने दिलेल्या शिष्यवृत्तीत लाभार्थी निवडतो कोण? शासकीय शिष्यवृत्तीसाठी निकष जाहीर असतात आणि नाकारलेला अर्जदार दाद मागू शकतो. खाजगी निधीत हा निर्णय दोन-चार विश्वस्तांच्या हाती असतो. सार्वजनिक शाळांचा पैसा असा खाजगी शाळांकडे वळू नये, हा आक्षेपही विचारार्ह आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बहुसंख्य गरीब मुले जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत शिकतात, हे विसरता येणार नाही.

भारतीय वजावट अल्प असल्यामुळे या आक्षेपाची धार येथे बरीच बोथट होते. १ लाखाच्या देणगीत सरकारने सोडलेला कर १५,००० रुपयांच्या आसपास किंवा शून्य असतो. तरीही तेवढा पैसा जनतेचाच आहे. म्हणून निकष लेखी असावेत, निवड समितीत शाळेबाहेरील एक तरी व्यक्ती असावी, किती अर्ज आले व किती मंजूर झाले हे दरवर्षी सूचनाफलकावर लावावे; मुलांची नावे मात्र लावू नयेत. गरीब म्हणून वर्गात ओळखले जाण्याची किंमत मुलाने मोजावी, असे कोणत्याही दात्याला वाटणार नाही.

निधी कायम ठेवीच्या रूपात असल्यास फार मोठ्या रकमेची आवश्यकता नसते. १० लाख रुपयांच्या ठेवीवर ६ टक्के व्याज धरले तरी वर्षाकाठी ६०,००० रुपये मिळतात. नववी-दहावीतील दोन-तीन मुलांचे शुल्क त्यातून भागू शकते. आईवडिलांच्या स्मरणार्थ शाळेत बक्षिसे ठेवण्याची चाल आपल्याकडे आहेच. तीच रक्कम पाच-दहा कुटुंबांनी एकत्र केली तर तिचा शिष्यवृत्ती निधी होऊ शकेल.

समारोप

करसवलत हे दानाला मिळणारे साहाय्य आहे. दानाचे कारण होण्याइतकी ती आपल्या देशात मोठी नाही, आणि नव्या करप्रणालीमुळे ती अधिकच आटत चालली आहे. अशा वेळी केवळ ८०जीच्या आधारावर उभा केलेला निधी टिकाव धरणार नाही. सातारा-सांगलीत दान टिकले ते देणाऱ्याला आपल्या पैशाने कोणते मूल शिकते आहे हे ठाऊक होते म्हणून. शाळांच्या विश्वस्तांनी नोंदणीची मुदत सांभाळावी, हिशेब वेळेवर द्यावा आणि नववीच्या वर्गात यंदा कोणत्या मुलांचे शुल्क थकले आहे याची यादी जूनपूर्वी तयार ठेवावी. देणगीदाराने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या यादीतच असते.